नकोशा सतरा ओळी

प्राचीन ग्रीक शोकात्मिकांना आधुनिक वाचकांनी कसा प्रतिसाद दिला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गौरवाच्या शब्दांत शोधले जाते. कोणत्या तत्त्वज्ञाने कोणते नाटक सर्वश्रेष्ठ मानले, कोणत्या देशात कोणत्या संकटकाळी ते रंगभूमीवर आले, याच्या नोंदी भरपूर आहेत आणि त्या उपयोगाच्याही आहेत. परंतु वाचकाची खरी ओळख पटते ती एखाद्या श्रेष्ठ कृतीतले त्याला काय खटकले, कोणता भाग तिथे नसता तर बरे झाले असते असे त्याला वाटले, यावरून. या दृष्टीने पाहता सोफोक्लीस या नाटककाराच्या 'अँटिगनी' या नाटकातील 904 ते 920 या सतरा ओळींचा गेल्या दोनशे वर्षांतील इतिहास विलक्षण बोलका आहे. या ओळी एका महाकवीला नकोशा झाल्या, एका तत्त्वज्ञाला त्यांच्यातच आपल्या सिद्धांताचा आधार सापडला, एका नामांकित संपादकाने त्यांना कंसात टाकले, आणि एका भाषांतरात तर त्या छापल्याच गेल्या नाहीत. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा कंस आहे.

'शोकात्मिका' हा ग्रीक 'त्रागोदिआ' या संज्ञेसाठी मराठीत रूढ झालेला शब्द असून तो ऐकताच शेवटी प्रमुख पात्रे मरणार अशी अपेक्षा तयार होते. मूळ संज्ञेत मात्र तशी अट नव्हती. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये वसंत ऋतूत डायोनायसस या देवाच्या उत्सवात, नगराच्या आश्रयाने आणि स्पर्धेच्या स्वरूपात, बहुतांशी पुराणकथांवर आधारलेली जी गंभीर पद्यनाटके मुखवटे घालून सादर होत, त्यांना हे नाव होते. बोलणारे नट तीनच असत, तेही सर्व पुरुष, आणि त्यांच्या जोडीला गाणारा व नाचणारा एक समूह असे. सोफोक्लीसने त्यातील माणसांची संख्या बारावरून पंधरावर नेली, असे परंपरा सांगते. ग्रीकमध्ये त्या समूहाला 'खोरॉस' म्हणत. त्याच्यासाठी येथे 'वृंद' हा शब्द वापरला आहे. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणल्यामुळे आणि पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' लिहिल्यामुळे या नाट्यप्रकाराची व ओयदिपौसच्या, म्हणजे रूढ उच्चारानुसार ईडिपसच्या, कुळाची कथा मराठी वाचकाला अनोळखी नाही. नकळत पित्याला मारून मातेशी विवाह केलेल्या त्या राजाची अँटिगनी ही मुलगी.

ईडिपसच्या पश्चात त्याचे दोन मुलगे, एटिओक्लीस आणि पॉलिनायसिस, थीब्जच्या राज्यासाठी भांडले. पॉलिनायसिसने परक्यांची फौज घेऊन आपल्याच नगरावर चाल केली आणि दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. राज्य त्यांचा मामा क्रिऑन याच्याकडे आले. नगरासाठी लढलेल्या एटिओक्लीसला सन्मानाने मूठमाती द्यावी आणि नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकावे, त्याला कुणी पुरू नये व त्याच्यासाठी कुणी रडूही नये, अशी आज्ञा त्याने काढली. अँटिगनीने बहीण इस्मिनीला मदतीस बोलावले, तिने नकार दिल्यावर एकटीनेच प्रेतावर माती टाकली, पकडली गेली, आणि तिला खडकातील थडग्यात जिवंत कोंडण्याची शिक्षा झाली. क्रिऑनचा मुलगा हेमॉन याच्याशी तिचा विवाह ठरला होता. भविष्यवेत्त्या टायरीसियसच्या इशाऱ्यानंतर क्रिऑन वरमतो, पण तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन आणि मग त्याची आई आत्महत्या करतात, आणि क्रिऑन एकटा उरतो. भाच्यांचा जीव घेणारा मामा म्हटला की मराठी वाचकाला जो कंसमामा आठवतो त्याच्या पंगतीला क्रिऑनला बसवता येत नाही, हे मात्र आधीच सांगितले पाहिजे. गृहयुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नगराची घडी बसवू पाहणारा तो राज्यकर्ता आहे, आणि त्याचे पहिले भाषण अथेन्सच्या प्रेक्षकांना पुष्कळसे पटले असावे. ॲरिस्टॉटलचा समकालीन वक्ता डिमॉस्थनीस त्यातील ओळी न्यायसभेत देशनिष्ठेचा नमुना म्हणून वाचून दाखवतो, यावरून हे अनुमान निराधार नाही.

अँटिगनीचे जगप्रसिद्ध झालेले भाषण नाटकाच्या मध्याच्या आधी येते. राजाज्ञा माहीत असूनही ती का मोडलीस, असे क्रिऑन विचारतो तेव्हा ती उत्तर देते की ही आज्ञा झ्यूसने काढलेली नव्हती; देवांचे अलिखित आणि अढळ नियम आजकालचे नाहीत, आणि एका मर्त्य माणसाच्या फर्मानात ते ओलांडण्याचे बळ नाही. कायद्याच्या वर एक न्याय असतो, हे सांगण्यासाठी ज्यांना ज्यांना जुन्या साक्षीची गरज भासली त्यांनी हेच भाषण पुढे केले. सहसा लक्षात न येणारी गोष्ट ही, की याच भाषणात, पुढच्या थोड्याच ओळींनंतर, आपल्या आईच्या पोटी जन्मलेल्याला आपण उघड्यावर पडू दिले असते तर त्याचे दुःख झाले असते, असेही ती म्हणते. भाषणातले अलिखित नियम उद्धृत करणारे बहुतेक जण या ओळीच्या आधी थांबतात.

नकोशा ओळी यानंतर बऱ्याच पुढे, तिला थडग्याकडे नेले जात असताना येतात. त्याआधी तिचा आणि वृंदाचा गाण्यातून झालेला विलाप संपलेला असतो. पात्र आणि वृंद यांच्या अशा आळीपाळीच्या शोकगीताला 'कोम्मॉस' म्हणत. मग ती साध्या संवादाच्या वृत्तात बोलू लागते आणि सांगते की आपण जे केले ते पोटच्या मुलांसाठी किंवा कुजत पडलेल्या नवऱ्यासाठी नगराच्या विरुद्ध जाऊन केले नसते. नवरा मेला तर दुसरा मिळाला असता, मूल गेले तर दुसऱ्या पुरुषापासून झाले असते, पण आई आणि वडील दोघेही मृत्युलोकात गेल्यावर आता नवा भाऊ उगवणे शक्य नाही. या न्यायाने आपण पॉलिनायसिसचा मान राखला, असे ती म्हणते. देवांच्या त्रिकालाबाधित नियमांचे काय झाले? ते नियम सर्वच मृतांना लागू असतील तर नवरा आणि मुले त्यातून का वगळली? आणि हिला ना नवरा, ना मूल. ज्या गोष्टी कधी मिळाल्याच नाहीत त्यांचा हिशेब मृत्यूच्या दारात उभी राहून ती का मांडते?

हे प्रश्न जर्मन महाकवी योहान वोल्फगांग गटे याला इतके बोचले की 28 मार्च 1827 रोजी आपला साहाय्यक एकरमान याच्याशी बोलताना त्याने एक इच्छा बोलून दाखवली: एखाद्या चांगल्या भाषाशास्त्रज्ञाने हा भाग मूळचा नाही असे सिद्ध करून दाखवावे. इतक्या उदात्त हेतूने वागलेल्या स्त्रीच्या तोंडी अखेरीस येणारा हा हिशेबी युक्तिवाद त्याला जवळजवळ हास्यास्पद वाटला. मूल्यांकन करणाऱ्या वाचकाने संहितेचा निकाल आधी ठरवून पुरावा नंतर मागवावा, हा क्रम उलटा आहे. परंतु गटेने निदान तो लपवला नाही, आणि पुढच्या शंभर वर्षांत ज्या विद्वानांनी वृत्त, व्याकरण आणि शब्दकळा यांतील दोष दाखवून हेच केले त्यांच्यापेक्षा त्याचा हा मोकळेपणा अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

त्या संभाषणाला एक पार्श्वभूमी होती. तत्त्वज्ञ हेगेल याचा अनुयायी हिन्रिक्स याचे ग्रीक शोकात्मिकेवरील पुस्तक नुकतेच हाती आले होते आणि गटे त्यातील सिद्धांतावर नापसंती व्यक्त करीत होता. हेगेलच्या मते या नाटकात कुटुंबाचा हक्क आणि राज्याचा हक्क, असे दोन खरे हक्क परस्परांवर आदळतात. दोन्ही बाजू न्याय्य असून एकांगी आहेत, आणि म्हणूनच दोन्हींचा नाश होतो. येथे सर्वाधिक लक्षणीय गोष्ट अशी की 1807 साली प्रसिद्ध झालेल्या 'मनाचे प्रत्यक्षवर्णन' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात हेगेलने भाऊ-बहिणीचे नाते सर्व कौटुंबिक नात्यांत शुद्ध ठरवले, कारण त्यात वासना नाही आणि एकाचे अस्तित्व दुसऱ्यावर अवलंबूनही नाही; भावाचा मृत्यू ही बहिणीची कधीही भरून न येणारी हानी आहे, असे तो म्हणतो. हे विधान उघडच त्या सतरा ओळींवर उभे आहे. गटेला जो भाग कापून टाकावासा वाटत होता तोच हेगेलच्या इमारतीचा एक खांब होता. अर्थात हेगेलनेही ओळी जशाच्या तशा घेतल्या नाहीत; दुसरा नवरा, दुसरे मूल ही रोखठोक भाषा त्याच्या ग्रंथात विरघळून जाते आणि मागे एक निर्मळ तत्त्व उरते.

रिचर्ड जेब या केंब्रिजच्या पंडिताने 1888 साली 'अँटिगनी'ची जी आवृत्ती सिद्ध केली ती इंग्रजी जगात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्यात या ओळी कंसात आहेत; कवीच्या मृत्यूनंतर फार उशिरा नव्हे, पण दुसऱ्या कुणीतरी त्या घातल्या असाव्यात, असे त्याचे मत होते. नंतर घुसडलेल्या अशा भागासाठी मराठीत 'प्रक्षिप्त' हा शब्द आहे आणि त्यामागची चिंताही मराठीला जुनी आहे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेदांनी संहिता गढूळ झाली होती म्हणूनच. जेबच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच्याच आवृत्तीत आणखी एक ओळ पाहण्यासारखी आहे. नाटकात 572व्या ओळीत कुणीतरी हेमॉनचे नाव प्रेमाने घेऊन त्याचा बाप त्याचा अपमान करतो आहे असे म्हणते. हस्तलिखितांत ही ओळ इस्मिनीची आहे. व्हेनिसच्या आल्डसने 1502 मध्ये सोफोक्लीस प्रथम छापला तेव्हा ती अँटिगनीच्या तोंडी गेली, आणि जेबनेही ती तिलाच दिली. ही ओळ वगळली तर मूळ नाटकात अँटिगनी आपल्या नियोजित वराचे नाव एकदाही घेत नाही. म्हणजे एकाच संपादकाच्या हातून तिच्या सतरा ओळी शंकास्पद ठरल्या आणि प्रेमाची एक ओळ तिच्या पदरात पडली. दोन्ही निर्णयांसाठी व्याकरणाचे व प्रसंगाचे आधार दिलेले आहेत. पण दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, आणि एकोणिसाव्या शतकाला हवी असलेली नायिका, तत्त्वनिष्ठ, कोमल आणि मनातून हेमॉनवर प्रेम करणारी, त्यातून घडते. अमेरिकेत डडली फिट्स आणि रॉबर्ट फिट्झजेरल्ड यांनी 1939 साली केलेल्या, पुढे शाळा-महाविद्यालयांत खूप वाचल्या गेलेल्या भाषांतरात तर हा भाग गाळलेलाच आहे; त्या विद्यार्थ्यांना कंसही दिसला नाही.

ओळी मूळच्या असाव्यात असे मानायला भक्कम आधार ॲरिस्टॉटलचा आहे. नाटक पहिल्यांदा सादर झाले ते इसवी सनपूर्व 441 च्या सुमारास. त्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या 'वक्तृत्वशास्त्र' या ग्रंथात ॲरिस्टॉटल या नाटकाचे दाखले एकाहून अधिक वेळा देतो. निसर्गतःच न्याय्य असलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून तो अलिखित नियमांचे भाषण घेतो, आणि वक्त्याने न पटणारी गोष्ट सांगितली तर तिचे कारणही जोडावे, या मुद्द्यासाठी नवरा-मुले-भाऊ हा युक्तिवाद घेतो. म्हणजे हे म्हणणे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, हे त्यालाही मान्य होते. त्याने विचित्रपणाला पुसण्याऐवजी वक्तृत्वाचा धडा बनवले, इतकाच फरक. आजचे बहुतेक संपादक या ओळी सोफोक्लीसच्याच मानतात.

युक्तिवाद मात्र सोफोक्लीसचा स्वतःचा नाही. इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात इराणचा सम्राट दारयवहू, ज्याला ग्रीक डरायस म्हणत, याने इंटाफर्नीस या सरदाराला त्याच्या घरातील सर्व पुरुषांसह कैद केल्याची हकिकत येते. सरदाराची बायको राजवाड्याच्या दाराशी रोज येऊन रडू लागली तेव्हा राजाने तिला एकाची सुटका मागण्याची मुभा दिली, आणि तिने भाऊ मागितला. राजाला नवल वाटून त्याने कारण विचारले; दैवाच्या मनात असेल तर दुसरा नवरा मिळेल, मुलेही होतील, पण आईबाप हयात नसल्याने भाऊ पुन्हा मिळणार नाही, असे तिने सांगितले. खूश होऊन राजाने भावाबरोबर थोरला मुलगाही सोडला व बाकीच्यांना मारले. हिरोडोटस आणि सोफोक्लीस यांचा परिचय होता. सोफोक्लीसने पंचावन्नाव्या वर्षी त्याच्यासाठी एक काव्य रचले, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. नाटककाराने ही कथा त्याच्याकडून घेतली असे मानण्याचा कल म्हणूनच आहे, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेपही येथेच आहे: इराणी स्त्रीचा भाऊ जिवंत होता, तिच्या निवडीने तो वाचला, अँटिगनीचा भाऊ मेलेला आहे, तो कशानेही परत येणार नाही, तेव्हा 'दुसरा मिळणार नाही' हे कारण तिला लागूच पडत नाही.

आक्षेप तर्काच्या दृष्टीने बिनतोड आहे, परंतु तो फक्त ग्रीस आणि इराण यांच्यापुरते पाहणाऱ्याला जितका निर्णायक वाटतो तितका तो भारतीय वाचकाला वाटू नये, कारण हीच कथा त्याच्या घरात दोन ठिकाणी आहे. पाली जातककथांमधील 'उच्छंग जातक' या कथेत नवरा, मुलगा आणि भाऊ असे तिघे पकडले गेलेली एक स्त्री राजाकडे भाऊच मागते. मूल ओटीतच आहे, नवरा वाटेने जाताना मिळेल, पण एका पोटचा भाऊ आणता येईल असा देश दिसत नाही, असे तिचे म्हणणे आहे. रामायणाच्या युद्धकांडात शक्तीने घायाळ होऊन पडलेल्या लक्ष्मणाजवळ राम जवळपास हेच बोलतो: बायका आणि सोयरे देशोदेशी मिळतील, सहोदर मिळेल असा देश मात्र नाही. गंमत अशी की येथेही तर्क काटेकोर नाही. लक्ष्मण सुमित्रेचा आणि राम कौसल्येचा, तेव्हा 'सहोदर' हा शब्दच नीट बसत नाही. आणि हे उद्गार पत्नीसाठीच चाललेल्या युद्धाच्या मैदानावर निघतात, हा विरोध तर कोणत्याही श्रोत्याच्या ध्यानात येण्याजोगा आहे. तरीही कीर्तनाला बसलेल्या कुणा श्रोत्याने हा श्लोक रामाच्या योग्यतेचा नाही म्हणून कंसात टाका, असा हट्ट धरल्याचे ऐकिवात नाही. शोकात माणूस जे बोलतो त्याचा ताळा जमवायचा नसतो, ही समज त्या श्रोत्याला असते.

शब्दांचे नातेही येथे मदतीला येते. ग्रीकमधील 'आदेल्फॉस', म्हणजे भाऊ, या शब्दाची व्युत्पत्ती 'एकाच गर्भाशयाचा' अशी आहे. संस्कृत 'सहोदर' जसा, तसाच तो घडलेला आहे. नाटकाच्या पहिल्याच ओळीत अँटिगनी बहिणीला हाक मारते ती या शब्दापासून बनलेल्या विशेषणाने, आणि मराठीत त्यासाठी 'सख्खी' याहून नेमका शब्द मिळणार नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ, हे सत्य महाराष्ट्राच्या खेड्यांतील बायकांनी जात्यावरच्या ओव्यांतून किती परींनी गायिले आहे, ते हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी जमवलेल्या ओव्यांचा प्रचंड संग्रह पाहिला की कळते. लग्नाने जिचे घर बदलते त्या स्त्रीपुरता भाऊ हा जन्माच्या घराचा उरलेला एकमेव दरवाजा असतो. इंटाफर्नीसच्या बायकोचे आणि जातकातील स्त्रीचे उत्तर या जागेवरून ऐकले तर त्यात हिशेब कमी आणि वस्तुस्थिती जास्त दिसते. अँटिगनीची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तिचे जन्माचे घर मुळातच विटाळलेले आहे. जूडिथ बटलर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अँटिगनीवरील पुस्तकात दाखवून दिले की ईडिपस हा तिचा बाप असून त्याच आईचा मुलगा या नात्याने भाऊही आहे, म्हणजे 'आईबाप गेले, आता भाऊ होणे नाही' या वाक्यातील 'भाऊ' नेमका कोण, हेच डळमळीत होते; शिवाय एटिओक्लीसही तिचा भाऊच, आणि त्याच्यासाठी तिने काही केल्याचे नाटकात फारसे येत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातील नाती जशी कसलाही मुलामा न देता वाचली, त्या वाचनाची सवय असलेल्या वाचकाला बटलर यांची पद्धत वाटते तितकी परकी वाटणार नाही, जरी त्यांची भाषा कधी कधी विनाकारण अवघड आहे.

प्रेतावरून एवढे रण का माजले, हे समजायला मात्र अथेन्सच्या इतिहासाकडेच जावे लागते. ग्रीक नगरराज्य, ज्याला 'पोलिस' म्हणत, हे आपल्या मृतांवर हळूहळू ताबा मिळवत आले होते. अथेन्सचा कायदेकार सोलोन याच्या कायद्यांनी अंत्ययात्रेतील बायकांच्या छाती पिटून रडण्यावर बंधने घातली होती. युद्धात पडलेल्यांच्या अस्थी जमातीनुसार पेट्यांत घालून सर्वांचा अंत्यविधी नगरच करी. इतिहासकार थ्यूसिडिडीस त्याचे वर्णन करतो, आणि त्यानंतर येणारे पेरिक्लीसचे भाषण आजही वाचले जाते. देशद्रोह्याला अॅटिका प्रदेशाच्या मातीत पुरण्यास मनाई होती; सॅलॅमिसच्या लढाईचा नायक थेमिस्टोक्लीस द्रोहाच्या आरोपाखाली परागंदा होऊन परमुलखात मेला तेव्हा त्याच्या अस्थी नातेवाइकांनी गुपचूप आणून पुरल्या, असे त्याचे आप्त सांगत, ही नोंद थ्यूसिडिडीसचीच. तेव्हा क्रिऑनची आज्ञा ऐकून प्रेक्षक चमकले नसतील. प्रेत सीमेबाहेर नेण्याचीही वाट बंद करून ते नगरासमोर कुत्र्यांना घालणे, ही त्यातली मर्यादा ओलांडणारी गोष्ट होती. आणि इसवी सनपूर्व 406 मध्ये, सोफोक्लीसच्या निधनाच्या आगेमागे, याच अथेन्सने आर्जिनूसीची आरमारी लढाई जिंकून आलेल्या सहा सेनापतींना, वादळात बुडणाऱ्यांना आणि मृतांना समुद्रातून बाहेर काढले नाही म्हणून, देहान्ताची शिक्षा दिली. रामायणात नेमकी उलट मांडणी आहे: रावणाचा अंत्यविधी करायला त्याचा भाऊ बिभीषण कचरतो, आणि वैर मरणाबरोबर संपते असे सांगून विजयी राजाच त्याला तो करायला लावतो.

विसाव्या शतकात वाद विद्वानांच्या हातून नाटककारांकडे गेला, आणि त्यांनी कंसाऐवजी लेखणी वापरली. झाँ आनुई याची 'अँटिगनी' 4 फेब्रुवारी 1944 रोजी जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये रंगमंचावर आली. त्यात क्रिऑन भाचीला समजावतो की दोघेही भाऊ सारखेच नालायक होते, आणि कोणते प्रेत कोणाचे हे ओळखताही आले नव्हते. भावाचे कारण असे काढून घेतल्यावरही ती मरणाचा हट्ट सोडत नाही, कारण आता ती फक्त स्वतःसाठी नकार देते आहे. जर्मन परिनिरीक्षणातून नाटक सुटले, प्रतिकारवाद्यांनी त्यात आपली बाजू पाहिली, आणि क्रिऑनला दिलेल्या सहानुभूतीमुळे कित्येकांना ते संशयास्पदही वाटले. ब्रेख्तने 1948 साली स्वित्झर्लंडमधील कूर येथे हेल्डरलिनच्या 1804 च्या भाषांतरावर आधारलेले आपले रूप सादर केले. त्याच्या पूर्वप्रवेशात 1945 च्या बर्लिनमधील दोन बहिणी आणि युद्धातून पळून आलेला त्यांचा भाऊ आहेत. आयर्लंडमध्ये 1968 साली कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या संदर्भात उलटा सूर लावला आणि अँटिगनीच्या निष्ठेची किंमत किती प्रेतांत मोजावी लागते हे विचारून इस्मिनीच्या शहाणपणाकडे बोट दाखवले. आवडो न आवडो, नाटकातील मृतांची मोजदाद करणारा वाचक म्हणून त्यांचे म्हणणे टाळता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरील राजबंद्यांनी हे नाटक बसवले तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रिऑनची भूमिका केली. आत्मचरित्रात ते क्रिऑनच्या सुरुवातीच्या बोलण्यातील राज्यकर्त्याची जाण मान्य करतात, मग त्याच्या कानांना कुलूप लागते हे दाखवतात, आणि अँटिगनीला अन्याय्य कायदा मोडणारी स्वातंत्र्यसैनिक म्हणतात. ॲथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना यांच्या 1973 सालच्या 'द आयलंड'मध्ये याच बेटावरील दोन कैदी अँटिगनीच्या खटल्याचा प्रवेश बसवतात. खोटे केस आणि छाती लावून बाई व्हायची लाज वाटणारा विन्स्टन शेवटी ते सोंग उतरवून स्वतःच्या आवाजात बोलतो. येथे भाऊ म्हणजे एका पोटचा नव्हे, एका कोठडीतला. अर्थ विस्तारला आणि तो विस्तार खराही आहे, फक्त सोफोक्लीसची अँटिगनी ज्या एका माणसावर अडून बसते, ज्याच्या जागी दुसरा कुणीच चालणार नाही असे म्हणते, तो माणूस या विस्तारात मागे राहतो.

कामिला शम्सी यांनी 2017 सालच्या 'होम फायर' या कादंबरीत त्याला पुन्हा पुढे आणले. ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील परवेझ दहशतवाद्यांच्या गोटात जाऊन मिळतो, परत येऊ पाहताना मारला जातो, आणि त्याच वंशाचा गृहमंत्री त्याचे प्रेत ब्रिटनमध्ये आणू देत नाही. त्याची बहीण अनीका कराचीत जाऊन त्या प्रेताशेजारी बसते. हे दोघे जुळे आहेत, त्यांचे आईवडील हयात नाहीत, आणि इस्मिनीच्या जागी असलेल्या थोरल्या इस्माने त्यांना वाढवले आहे. 'आदेल्फॉस' या शब्दातील गर्भाशय आणि नकोशा ओळींतील मेलेले आईबाप, दोन्ही अटी कादंबरीने इतक्या तंतोतंत पाळल्या आहेत की गटेला जे वगळायचे होते तेच शम्सी यांनी कथेच्या पायात घातले, असे म्हणता येते. अशा वाचनाला काळही अनुकूल होता. 2013 साली बॉस्टनमधील बॉम्बस्फोटातील आरोपीचे प्रेत दफनासाठी कोणतीही दफनभूमी घेईना, तेव्हा डॅनिएल मेंडेलसन या ग्रीकच्या अभ्यासकाने त्यावर लिहिताना याच नाटकाकडे वळणे भाग मानले होते. तत्त्व म्हणून 'शत्रूलाही मूठमाती द्यावी' हे मान्य करणे सोपे असते. ती मूठ कुणाच्या अंगणातल्या मातीची, हे विचारले की सभा गप्प होते.

मूळ नाटकात त्या सतरा ओळींनंतर काय घडते, हे वाद घालणाऱ्यांनी फारसे पाहिलेले नाही. अँटिगनी आणखी थोडे बोलते. आपण कोणत्या देवाचा कोणता नियम मोडला, असे ती विचारते. ज्या थीब्जच्या म्हाताऱ्यांचा वृंद समोर उभा आहे त्यांच्यापैकी कुणीही तिचा युक्तिवाद खोडत नाही, मान्यही करत नाही. तिच्या मनात अजून तेच वादळी वारे वाहत आहेत, एवढेच ते म्हणतात. आणि क्रिऑन पहारेकऱ्यांना तिला न्यायला इतका उशीर का लागतो आहे म्हणून दटावतो.